राहा, पण लिहू नका

परदेशातून जीव वाचवून आलेल्या लेखकाला देशात राहू द्यायचं की नाही, हे ठरवताना पोलिसांनी आधी लेखकांच्याच संघटनेचं मत मागवावं, ही कल्पना ऐकायला किती शहाणपणाची वाटते! पोलिसाला कवितेतलं काय कळणार? ज्याचं काम त्याला विचारावं. हिटलरच्या काळात स्वित्झर्लंडने नेमकं हेच केलं. जर्मनीतून, आणि नंतर ऑस्ट्रियातून, पळून आलेल्या लेखकांच्या अर्जांवर तिथल्या परकीय नागरिक पोलीस विभागाने स्विस लेखक संघाचा अभिप्राय घ्यायला सुरुवात केली. त्या सगळ्या व्यवहारात मला पोलिसांपेक्षा हा अभिप्राय जास्त खुपतो. पोलीस पोलिसासारखे वागले. लेखकांनी मात्र लेखकाच्या पोटावर पाय दिला, आणि तोही रीतसर टंकलिखित पत्राने.

३० जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सलर झाला आणि १० मेला बर्लिनमध्ये पुस्तकांची होळी पेटली. मधल्या तीन-साडेतीन महिन्यांतच जर्मन साहित्यातली कितीतरी मोठी नावं गाडीत बसून सीमेपार गेली होती. कुणी प्रागला गेलं, कुणी पॅरिसला, कुणी अ‍ॅमस्टरडॅमला. चित्रकार आपले रंग घेऊन कुठेही बसू शकतो, वादकाचं वाद्य सगळीकडे वाजतं. लेखकाला मात्र त्याची भाषा वाचणारी माणसं लागतात, त्या भाषेतली वर्तमानपत्रं लागतात, छापखाने लागतात. तेव्हा जर्मनीतून निघालेल्या लेखकाला सगळ्यांत सोयीचा देश कोणता, तर स्वित्झर्लंड. झुरिक, बर्न, बाझल इथे जर्मन वृत्तपत्रं होती, जर्मन प्रकाशक होते, जर्मन रंगभूमी होती. हिटलरच्या हाताबाहेर आणि तरीही जर्मन, असा तो प्रदेश. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गेल्यावर तर तसा तो एवढाच उरला.

आणि इथेच घोडं पेंड खात होतं. स्वित्झर्लंडमध्ये परकीयांच्या वास्तव्याचा एक कायदा १९३१ साली झाला होता, तो १ जानेवारी १९३४ पासून अमलात आला. निर्वासितांना या देशात स्थायिक होऊ द्यायचं नाही, त्यांनी इथून पुढे दुसरीकडे जायचं आहे, हे त्यामागचं सरकारी धोरण. लेखकाला राहण्याची परवानगी मिळे ती काही महिन्यांची, तीही मेहेरबानी म्हणून. अटी ठरलेल्या: राजकारणात पडायचं नाही, पुढच्या प्रवासाची तयारी करत राहायची, आणि कमाई करायची नाही. आता लेखकाची कमाई म्हणजे काय? वर्तमानपत्रात एखादा लेख छापून आला आणि त्याचे चार फ्रँक मिळाले, ती कमाई. एखाद्या मंडळात जाऊन कथा वाचली आणि मानधन घेतलं, तीही कमाई. म्हणजे राहा, खा (कुणी दिलं तर), फिरायला जा, तळ्याकाठी बसा. पण ज्या कामासाठी तुम्हाला तुमच्या देशातून पळावं लागलं, तेवढं सोडून.

या अटीला पळवाट होती. लेखक नामवंत असेल, तर काम करायची परवानगी मिळू शकत असे. आणि नामवंत कोण, हे सांगायचं काम लेखक संघाचं. १९१२ साली स्थापन झालेल्या या संघाचे त्या वेळचे अध्यक्ष होते कादंबरीकार फेलिक्स म्योश्लिन आणि सचिव कार्ल नेफ. संघाने १९३३ मध्येच आपली भूमिका सरकारला कळवली होती. तिचा मथितार्थ असा, की थोर लेखकांना जरूर येऊ द्या, राजकीय कारणामुळे ज्यांना खरोखरच परत जाता येत नाही त्यांनाही येऊ द्या. पण संधी साधायला आलेल्या, चार ओळी खरडणाऱ्या किरकोळ लोकांना इथल्या वर्तमानपत्रांत शिरू देऊ नका, ते आमच्या लेखकांच्या तोंडचा घास काढतील.

ही माणसं दुष्ट नव्हती, हे इथे सांगून टाकतो. म्योश्लिन काही नाझी नव्हते. मंदीचे दिवस होते. चाळीस लाखांच्या आसपास वस्तीचा देश, त्यात चार भाषा. म्हणजे स्विस-जर्मन लेखकाचा घरचा वाचक तो किती! त्याचं पोट बरंचसं जर्मनीतल्या बाजारावर चालायचं, आणि हिटलर आल्यावर तो बाजार भरवशाचा राहिला नव्हता. वर्तमानपत्राच्या पुरवणीत महिन्याला एखादा लेख, त्याचे थोडे पैसे, यावर दिवस काढणारे लेखक त्या संघाचे सभासद होते. त्यांच्या मधोमध बर्लिनचा मुरलेला लेखक येऊन बसला, की संपादक कुणाचा लेख घेणार हे उघड होतं. भीती खरी होती. पण व्यवसायातल्या माणसाला भीती वाटते म्हणूनच त्याच्याकडे निवाड्याचं काम द्यायचं नसतं. ज्याचा धंदा बुडण्याची शक्यता आहे त्यालाच न्यायाधीश नेमायचं आणि त्याला तज्ज्ञांचं मत म्हणायचं, हा साळसूदपणा मला पचत नाही.

याच संदर्भात अ‍ॅमस्टरडॅमकडे बघण्यासारखं आहे. तिथे एमानुएल क्वेरिडो या डच प्रकाशकाने १९३३ मध्येच जर्मन विभाग काढला, तो चालवायला बर्लिनहून आलेल्या फ्रिट्झ लान्ट्सहोफला बसवलं, आणि १९४० मध्ये जर्मन फौजा हॉलंडमध्ये शिरेपर्यंत शंभरावर जर्मन पुस्तकं काढली. अलर्ट द लांग या दुसऱ्या डच प्रकाशनसंस्थेनेही तसाच विभाग उघडला. क्लाउस मानचं 'डी झाम्लुंग' हे निर्वासितांचं मासिक क्वेरिडोकडूनच निघत असे. हॉलंड काही स्वर्ग नव्हता. हाइन्झ लीपमान या लेखकाला तिथे १९३४ मध्ये तुरुंगात जावं लागलं, कारण त्याच्या कादंबरीत जर्मनीचे अध्यक्ष हिंडेनबुर्ग यांची बेअदबी झाली असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. पण एक गोष्ट तिथे आड आली नाही. योजेफ रोटसारखा निर्वासित कादंबरीकार जर्मनमध्ये लिहितो म्हणून कुठल्या डच कादंबरीकाराच्या पोटात गोळा यायचं कारण नव्हतं. परक्या भाषेतला लेखक पाहुणा असतो, त्याला पाट मांडून बसवता येतं. आपल्याच भाषेतला लेखक आला, की तो वाटणी मागायला आलेला चुलतभाऊ वाटतो. स्वित्झर्लंडमध्ये झाली ती भाषेतली भाऊबंदकी होती. भाषा एक असल्याचा जो फायदा निर्वासिताला सीमेवर दिसत होता, तोच आत आल्यावर त्याचा गुन्हा ठरत होता.

नामवंत म्हणजे कोण, या प्रश्नात तर मोठीच गोम होती. एल्झे लास्कर-श्यूलर हे जर्मन कवितेतलं केवढं नाव. १९३२ मध्ये तिला क्लाइस्ट पुरस्कार मिळालेला. साठी ओलांडलेली ही कवयित्री एप्रिल १९३३ मध्ये बर्लिन सोडून झुरिकला आली. आता हिच्याहून नामवंत ते कोण आणायचं? पण तिलाही कमाईची बंदी होती, तिच्यामागेही मुदतवाढीचं शुक्लकाष्ठ होतं, पोलिसांची नजर होती. डिसेंबर १९३६ मध्ये तिचं 'आर्थर आरोनिमुस' हे नाटक झुरिकच्या नाट्यगृहात लागलं आणि दोनच प्रयोगांनंतर उतरलं. १९३९ मध्ये ती तिसऱ्यांदा पॅलेस्टाइनला गेली, तेव्हा स्वित्झर्लंडने तिला परत येण्याचा व्हिसा नाकारला. जेरुसलेममध्ये, जिथे तिच्या भाषेचे वाचक ओंजळभर आणि त्या भाषेबद्दल आजूबाजूला रागच जास्त, तिथे १९४३ साली तिचा शेवटचा कवितासंग्रह निघाला. प्रती ३३०. जानेवारी १९४५ मध्ये ती तिथेच गेली.

रोबर्ट मुसिलची गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी, कारण 'नामवंत' या कसोटीचा पोकळपणा तिच्यात सगळा दिसतो. आज विसाव्या शतकातल्या जर्मन कादंबऱ्यांची कुठलीही यादी 'गुणधर्म नसलेला माणूस' या त्याच्या अवाढव्य, अपुऱ्या कादंबरीशिवाय पुरी होत नाही. तिचा पहिला खंड १९३० चा, दुसरा त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी आलेला. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया हिटलरने गिळल्यावर मुसिल विएन्नातून निघाला. त्याची बायको मार्था ज्यू कुटुंबातली. इटलीमार्गे दोघं झुरिकला आली, पुढच्या वर्षी जिनिव्हाला गेली. जर्मनीत आणि ऑस्ट्रियात त्याची पुस्तकं बंद झाली होती, म्हणजे तिकडचं उत्पन्न शून्य. इकडे कमाईची परवानगी नाही. दोघांचं चालायचं ते देणग्यांवर. झुरिकचे धर्मगुरू रोबर्ट लेयून हे त्यांचे मोठे आधार. त्यांनी पैसे जमवायचे, पाठवायचे; आणि मुसिलने, ज्याच्या स्वभावात वाकणं मुळातच कमी, त्याने आभाराची पत्रं लिहायची. अमेरिकेला किंवा इंग्लंडला जाता येईल का याची खटपट चालू होती, ती जमली नाही. रोज सकाळी कादंबरीवर काम मात्र चालू होतं. तीच ती प्रकरणं पुन्हा पुन्हा लिहायची, खोडायची. १५ एप्रिल १९४२ ला, शेमं दे क्लोशेत या गल्लीतल्या घरात, सकाळचं काम उरकून उठल्यावर त्याला झटका आला आणि तो गेला. वय ६१. अंत्यविधीला माणसं आठ. पुढच्या वर्षी मार्थाने पदरमोड करून उरलेल्या मजकुराचा एक खंड लोझानमधून छापून काढला.

इटालियन लेखक इग्नात्सिओ सिलोने हाही तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये निर्वासित होता. त्याने मुसिलचं एक बोलणं सांगून ठेवलं आहे, त्याचा आशय असा: आज यांना आपण कोण ते ठाऊक नाही, पण आपण मेलो की आपल्याला आसरा दिल्याची फुशारकी हेच मारतील. मेली म्हैस नि मणभर दूध, असं आपण म्हणतो. फरक एवढाच, की ही म्हैस जिवंत असताना तिची धार काढायला सरकारनेच मनाई केली होती.

लेखक संघाच्या लेखी मुसिल काय होता? दोन जाड, विकायला अवघड पुस्तकांचा विएन्नाचा माणूस. कीर्ती ही बहुतेक वेळा उशिरा येणारी गोष्ट आहे, आणि निर्वासिताला तिच्याकडून दाखला लागतो तो आज, खिडकी बंद व्हायच्या आत. एखादा लेखक पन्नास वर्षांनी वाचला जाईल की नाही, हे १९३९ च्या कारकुनाला कळत नाही आणि १९३९ च्या लेखक संघाच्या सचिवालाही कळत नाही. दोघांतला एक ते कळल्याचा आव आणतो, इतकंच. विएन्नाचे आल्फ्रेड पोल्गार हे छोट्या गद्यलेखनाचे उस्ताद. त्यांनाही झुरिकमध्ये काम करायची परवानगी मिळाली नाही, आणि ते पॅरिसला गेले. आता छोटं लिहिणारा माणूस 'किरकोळ' ठरायला कितीसा वेळ लागणार?

बंदी घातली की माणसं चोरवाटा शोधतात. स्वित्झर्लंडच्या टिचिनो या इटालियन भाषेच्या प्रांतातल्या डोंगरात, कारोना नावाच्या गावात कुर्ट क्लेबर आणि लिझा टेट्झनर हे जोडपं राहत होतं. क्लेबर कम्युनिस्ट लेखक, राइशस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदभवनाच्या, आगीनंतर अटक होऊन सुटलेला. टेट्झनर मुलांसाठी लिहिणारी, परीकथा सांगत गावोगाव हिंडलेली. क्लेबरला स्वित्झर्लंडमध्ये प्रकाशनाची बंदी होती. तेव्हा टिचिनोतल्या गरिबांची पोरं मिलानला धुराडी साफ करायच्या कामाला विकली जात, त्यावरची 'काळे भाऊ' ही कादंबरी टेट्झनरच्या नावावर आली. तिच्यातलं बरंचसं लिखाण क्लेबरचं होतं. १९४१ मध्ये 'लाल झोरा' निघाली, युगोस्लाव्हियातल्या एका बंदरगावातल्या अनाथ पोरांच्या टोळीची गोष्ट. त्यावर लेखकाचं नाव होतं कुर्ट हेल्ट. हा हेल्ट म्हणजे क्लेबरच. पुढे कितीतरी पिढ्यांच्या जर्मन आणि स्विस मुलांनी ही दोन्ही पुस्तकं डोक्यावर घेतली. स्विस मुलांच्या कपाटातल्या अगदी लाडक्या पुस्तकांपैकी ही दोन, आणि ती लिहिणाऱ्याला लिहून पोट भरायची परवानगी नव्हती! एका बाजूने हा विनोद आहे. पण नवऱ्याचं लिखाण बायकोच्या नावावर काढायचं, नावं बदलायची, मानधन फिरवून घ्यायचं, हे करायला खरोखर नाव असलेली बायको आणि धीर धरणारा प्रकाशक लागतो. ज्याच्याकडे दोन्ही नव्हतं त्याचं काय झालं, ते आपल्याला कळायचा मार्गच नाही. त्याने लिहिलं नाही, म्हणून तो आपल्या यादीत नाही.

साहित्यातल्या माणसांनी केलेली दारबंदी फक्त अर्जांपुरती नव्हती. जानेवारी १९३६ मध्ये झुरिकच्या सगळ्यांत वजनदार दैनिकाचे, 'नोये झुर्शर त्साइटुंग'चे, साहित्य-संपादक एडुआर्ट कोरोडी यांनी लिहिलं की देश सोडून गेलेलं ते काही जर्मन साहित्य नव्हे. गेला तो मुख्यतः ज्यूंचा कादंबरीचा धंदा. सीमेपलीकडे गोबेल्सचं खातं जे ओरडून सांगत होतं, तेच इथे अभिजात शैलीत छापून आलं. थॉमस मान तेव्हा झुरिकजवळ क्युस्नाख्टला राहत होता. नोबेलविजेता, घरदार असलेला, ज्याच्या दारात कुठला पोलीस मुदतवाढीची आठवण करायला येणार नव्हता असा. तीन वर्षं तो जाहीरपणे गप्प होता, कारण त्याची पुस्तकं अजून जर्मनीत विकली जात होती. ३ फेब्रुवारीला त्याने त्याच दैनिकात उघड पत्र लिहून आपण निर्वासितांच्या बाजूचे आहोत असं सांगितलं. डिसेंबरमध्ये त्याचं जर्मन नागरिकत्व गेलं, पाठोपाठ बॉन विद्यापीठाने मानद डॉक्टरेट काढून घेतली. पण तोवर तो चेक नागरिक झाला होता, आणि कसा, तर बोहेमियातल्या प्रोसेच नावाच्या एका लहान गावाने आधी त्याच्या भावाला, हाइनरिखला, आणि मग त्याला आपल्या गावचं म्हणून घेतलं होतं. थॉमस मान मोठा लेखक आहे की नाही यावर त्या गावाने कुठल्या संघाचा अहवाल मागवल्याचं ऐकिवात नाही.

आता दुसरी बाजू. स्वित्झर्लंडला सरसकट झोडपणं सोपं आहे, आणि ते खोटंही ठरेल. झुरिकच्या शाउश्पीलहाउस या नाट्यगृहाचा मालक फेर्डिनान्ट रीझर हा मूळचा दारूचा व्यापारी. जर्मनीतून हाकललेल्या नटांना त्याने धडाधड घेतलं: टेरेझे गीझे, कुर्ट होर्विट्झ, छळछावणीतून सुटून आलेला वोल्फगांग लांगहोफ, दिग्दर्शक लेओपोल्ट लिन्टबेर्ग. एमिल ओप्रेश्ट या पुस्तकविक्रेत्याने आपल्या प्रकाशनातून निर्वासितांची पुस्तकं काढली आणि १९३८ मध्ये नाट्यगृह वाचवायलाही तोच पुढे झाला. मराठी प्रेक्षकाला 'तीन पैशाचा तमाशा' आणि 'अजब न्याय वर्तुळाचा'मुळे ब्रेश्ट आपलासा वाटतो. त्या ब्रेश्टच्या 'मदर करेज'चा जगातला पहिला प्रयोग १९ एप्रिल १९४१ ला याच नाट्यगृहात झाला, गीझे मुख्य भूमिकेत, आणि नाटककार स्वतः फिनलंडमध्ये पुढच्या व्हिसाची वाट बघत. जर्मनी आणि त्याच्या साथीदारांनी जवळपास चारी बाजूंनी वेढलेल्या देशात हे करणं म्हणजे छातीचं काम होतं. वेढ्याची भीती खोटी नव्हती. गेऑर्ग कायझरचं 'सैनिक तानाका' १९४० मध्ये जपानी वकिलातीच्या निषेधानंतर काढून घेतलं, थॉमस मानची मुलगी एरिका हिच्या 'मिरीची गिरणी' या राजकीय विडंबनाच्या कॅबरेवर १९३४ मध्ये स्थानिक नाझीभक्तांनी दंगा केल्यावर झुरिक प्रांताने परक्यांच्या राजकीय कॅबरेवरच बंदी घातली. दंगा केला एकाने, दार बंद झालं दुसऱ्याला. ही पद्धत आपल्याला नवी नाही.

लेखकांचे हाल हे त्या काळातले सर्वांत मोठे हाल नव्हते, हेही विसरून चालणार नाही. सप्टेंबर १९३८ च्या अखेरीस स्विस आणि जर्मन अधिकाऱ्यांच्या वाटाघाटींतून ज्यूंच्या पासपोर्टवर 'जे' हा शिक्का आला. ऑगस्ट १९४२ मध्ये सीमा बंद झाली, आणि मंत्री फॉन श्टायगर यांनी देशाला भरलेल्या लहान होडीची उपमा दिली. हजारो लोक सीमेवरून परत पाठवले गेले, त्यांच्यातले कितीतरी थेट मरणाकडे. सांक्ट गालेन या सीमेवरच्या प्रांताचे पोलीस प्रमुख पाउल ग्र्युनिंगर यांनी कागदपत्रांवर मागच्या तारखा टाकून शेकडो ज्यूंना आत घेतलं, तर त्यांची १९३९ मध्ये नोकरी गेली. न्यायालयाने त्यांच्यावरचा डाग पुसला तो १९९५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर २३ वर्षांनी. मुसिलला निदान घर होतं, रोजचं टेबल होतं. तरीही मी लेखकांच्या प्रश्नावर अडून बसतो. सीमा बंद करण्यामागे जर्मनीची भीती होती असं म्हणायला जागा आहे. पण एका म्हाताऱ्या कवयित्रीने पुरवणीत कविता छापली तर हिटलर चालून येईल, असं कुणीच म्हणत नव्हतं. तिथे कारण बाजाराचंच होतं.

आणि बाजाराचा हिशोबही चुकलाच. निर्वासित नटांनी उभ्या केलेल्या त्या नाट्यगृहाचा फायदा पुढे कुणाला झाला? स्विस लेखकांना. माक्स फ्रिशचं पहिलं रंगमंचावर आलेलं नाटक १९४५ मध्ये तिथे होर्विट्झने बसवलं. १९४७ मध्ये ड्युरेनमाटचं पहिलं नाटकही त्यानेच बसवलं. १९५६ मध्ये ड्युरेनमाटच्या नाटकातली ती श्रीमंत म्हातारी, सूड उगवायला गावात परतणारी, रंगभूमीवर पहिल्यांदा आली ती टेरेझे गीझेच्या रूपात. स्विस नाटक जगभर गेलं ते या आयत्या तालमीच्या जोरावर. ज्यांच्यापासून स्विस लेखकांचं रक्षण करायचं होतं, त्यांनीच स्विस लेखकांना रंगभूमी दिली.

मुंबईतही याचं एक उदाहरण आहे. १९३३ नंतर जर्मनी-ऑस्ट्रियातले काही निर्वासित इथे आले. ब्रिटिश सरकारचं धोरण उदार नव्हतं. युद्ध सुरू झाल्यावर ज्यू निर्वासितांनाही शत्रूराष्ट्राचे नागरिक म्हणून अहमदनगरच्या, पुढे काहींना पुरंदरच्या छावणीत ठेवलं. पण इथे काम करायला मनाई नव्हती. बर्लिनच्या एका नावाजलेल्या साहित्य साप्ताहिकाचा संपादक व्हिली हास मुंबईत चित्रपट-दिग्दर्शक मोहन भवनानींसाठी पटकथा लिहू लागला. विएन्नाचा चित्रकार वॉल्टर लँगहॅमर 'टाइम्स ऑफ इंडिया'चा कलासंचालक झाला, रुडॉल्फ फॉन लायडन त्याच दैनिकात कलासमीक्षा लिहू लागला. आरा, रझा, हुसेन या तरुण पोरांच्या मागे ही माणसं उभी राहिली. बाहेरून आलेल्या माणसांना कामावर घेतल्याने मुंबईच्या चित्रकाराचं काय बिघडलं, ते आजच्या लिलावांच्या आकड्यांना विचारा.

हे सगळं जुनं आहे आणि युरोपातलं आहे, असं म्हणून पान उलटता आलं असतं, जर आपल्याकडे अगदी तोच प्रश्न उभा नसता. शेजारच्या देशातून आलेली, आपल्याच एका राज्याची भाषा लिहिणारी लेखिका म्हणजे तस्लिमा नसरीन. बांगलादेशातून १९९४ मध्ये परागंदा झालेल्या या बाईला युरोपात राहूनही कोलकाताच हवं होतं, कारण तिचे वाचक तिथे. २००३ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने तिच्या आत्मचरित्राच्या एका खंडावर बंदी घातली, आणि त्याआधी साहित्यिक-विचारवंतांना पुस्तक वाचायला देऊन त्यांची मतं घेतल्याचं मुख्यमंत्र्यांनी सांगितलं. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ती बंदी उठवली. पुढे नोव्हेंबर २००७ मध्ये कोलकात्यात दंगा झाला आणि तिलाच शहरातून हलवलं. परत येऊ दिलं नाही. तिची पुस्तकं पटोत न पटोत. मला स्वतःला तिचं गद्य पुष्कळदा आरडाओरड्याचं वाटतं. पण ते मत माझ्या वाचनापुरतं. त्याचा तिच्या परवान्याशी संबंध येता कामा नये.

भारत १९५१ च्या निर्वासित करारात नाही, आपला स्वतःचा निर्वासितांचा कायदाही नाही. लेखक असो की विणकर, सगळं त्या त्या वेळच्या सरकारच्या मर्जीवर आणि मुदतवाढीच्या कागदावर. निदान जर्मनी आपल्या इतिहासातून थोडं शिकला. तिथल्या पेन या लेखकांच्या संस्थेतर्फे १९९९ पासून परदेशातल्या छळलेल्या लेखकांना घर आणि पाठ्यवृत्ती दिली जाते, पैसा केंद्र सरकारचा. आपल्या साहित्य संस्थांनी असं काही करावं अशी माझी अपेक्षाही नाही. संमेलनाच्या मांडवाचा खर्च भागवतानाच त्यांची दमछाक होते. पण उद्या गृहखात्याचं पत्र आलं, की अमुक लेखकाच्या योग्यतेबद्दल आपला अभिप्राय कळवा, तर ते न उघडता परत पाठवायला काही खर्च येत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो: मग काय कुणीही उठून लेखक म्हणवेल? त्याचं उत्तर फ्रिट्झ होखवेल्डरच्या आयुष्यात आहे. हा विएन्नाचा ज्यू तरुण, पेशाने खुर्च्या-कोचांवर गाद्या आणि कापड चढवणारा कारागीर. ऑगस्ट १९३८ मध्ये रात्री ऱ्हाइन नदी पोहून तो स्वित्झर्लंडमध्ये आला. नामवंत वगैरे काही नव्हता. त्याला कारागिरीही करता येईना, पुढे कामाच्या छावणीत जावं लागलं. त्या सक्तीच्या रिकामपणात त्याने पॅराग्वेतल्या जेझुइट या ख्रिस्ती धर्मप्रचारकांवर नाटक लिहिलं, ते १९४३ मध्ये बील-झोलोथुर्नच्या नाट्यगृहात लागलं, आणि युद्धानंतर पॅरिसमध्ये गाजलं. तो मरेपर्यंत, १९८६ पर्यंत, झुरिकलाच राहिला. काही जण यावरून उलटा निष्कर्ष काढतात, की बघा, काम करू दिलं नाही म्हणून तर नाटक झालं! त्याच छावण्यांमध्ये किती जणांची उमेदीची वर्षं खडी फोडण्यात आणि जमीन खणण्यात गेली, हे मग मोजावं लागेल. होखवेल्डर लेखक आहे की कारागीर, हा प्रश्न सरकारला सोडवायची गरजच नव्हती. नदी पोहून आलेल्या माणसाला कोच शिवून पैसे मिळवू दिले असते, तर त्याच्या नाटकाबद्दल कुणाचाही अभिप्राय मागवावा लागला नसता. लेखकांसाठी वेगळी खिडकी मागणं हीच मुळात चूक आहे; ती उघडली की खिडकीशी कोण बसणार हा प्रश्न येतो, आणि तिथे बसायला लेखक नेहमीच तयार असतात.